न्हाई दुखत

निलंग्याच्या शिवारात बांधावरून दोघा सख्ख्या भावांची जुंपली. थोरल्या बसवंतनं मृत्युंजयचा हात मोडला, मृत्युंजयनं त्याचा पाय. लातूरला दवाखान्यात दोघांची ऑपरेशनं झाली, हाडांत सळया बसल्या, आणि खाटा मिळाल्या त्या नेमक्या शेजारी शेजारी.

भूल उतरली तसा बसवंतचा पाय ठणकायला लागला. तरी सिस्टरनं विचारल्यावर तो म्हणाला, "न्हाई दुखत." वैऱ्यासमोर कोण कण्हणार?

सिस्टर मृत्युंजयकडं वळली.

"अण्णाला दुखतंय का?" त्यानं उलट विचारलं.

"नाही म्हणतात."

"मग मलाबी न्हाई."

"अहो, असं सोसत बसू नका. दुखणं दाबून ठेवलं की बरं व्हायला उशीर लागतो," असं म्हणत सिस्टर वैतागून निघून गेली.

बसवंतनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. मृत्युंजयनं चादरीचा बोळा करून तोंडात कोंबला होता. अंग घामानं थबथबलं होतं. बघून बसवंतला आधी लई बरं वाटलं. मग धाकट्याचे डोळे फिरायला लागले.

"सिस्टर!" बसवंत अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडला. "मला सोसंना आता. सुई आणा!"

मृत्युंजयनं बोळा थुंकला. "हरलास, अण्णा!" तो हसला आणि हसता हसताच रडायला लागला. "सिस्टर, मलाबी द्या."

सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, तसा बसवंत भिंतीकडं तोंड फिरवून खेकसला, "आधी त्याला टोचा. मेला तर केस माझ्यावरच व्हईल."