इजा
आईला व्हिसा म्हणता येत नाही, ती ‘इजा’ म्हणते. लग्नानंतर मी अमेरिकेला निघाले, तेव्हा ती गल्लीभर सांगत होती, “पोरीला इजा मिळाला.” मी चिडवायचे, “आई, इजा पायाला होते.” काल फलटणला आले, सुट्टीवर आलेय म्हणून सांगितलं. आज शेजारच्या अंबूकाकूंनी विचारलं, “परत कवा जायाचं?” मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. आईनंच माझा पासपोर्ट उघडून व्हिसाची तारीख दाखवली. “अजून दोन वर्सं हाय की इजा.” मग सांगावंच लागलं. “तारखेखाली नवऱ्याचं नाव आहे बघ. त्याची बायको म्हणून मिळाला होता तो. गेल्या महिन्यात घटस्फोट झाला, तेव्हाच संपला.” काकू चहा अर्धा ठेवून उठल्या. आई त्या नावावर बोट ठेवून बसली. मग पासपोर्ट मिटून तिनं माझी बाही वर सारली. “कुटं कुटं झाली गं इजा?”