खोटी सही

सही त्यांची नव्हती. शाळेतल्या कारकूनबाईंनी कागद दुकानाच्या काचेपाशी नेला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. नव्हतीच. एकोणीस वर्षं त्या रजेच्या अर्जांवरच्या पालकांच्या सह्या तपासत आल्या होत्या. पोरांनी ठोकलेली सही त्यांना हातभर लांबून कळायची. आणि आता चक्क त्यांच्याच नावावर कुणीतरी हात मारला होता.

कागद सापडला तो नवऱ्याच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या पट्ट्यांच्या डब्याखाली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आज भर दुपारी दुकानाला कुलूप पाहून बाईंच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी पर्समधली जादा किल्ली काढली, आत शिरल्या आणि खणाला हात घातला.

संशय काही आजचा नव्हता. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक घड्याळ सांगितल्या दिवशी दिलं नाही, तो माणूस अचानक वेळेवर वागायला लागला की कुठल्याही बायकोने सावध व्हावं. दुकानात कुणीही येवो, याचं एकच पालुपद: "पुढच्या आठवड्यात बघू." घरातला गळका नळसुद्धा त्याच पुढच्या आठवड्याची वाट पाहत दोन वर्षं टपकत होता. असा हा गृहस्थ पंधरा दिवसांपूर्वी सकाळी सकाळी बूट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "चल, दवाखान्यात. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेऊ."

"मला काही होत नाहीये," बाई म्हणाल्या होत्या.

"होत नाही तोवरच करतात ती," तो म्हणाला आणि रिक्षा थांबवायला गेलासुद्धा.

तपासणी पाच मिनिटांत झाली. पण त्यानंतर हा रोज दवाखान्यात खेपा घालायला लागला. शेजारच्या शिंप्याने बाईंना मुद्दाम थांबवून सांगितलं, "वहिनी, हल्ली साहेब त्या नर्सबाईंशी दारात बरंच बोलत उभे असतात." बाई दुसऱ्याच दिवशी नर्सला बघून आल्या. डोक्यावर एक काळा केस नव्हता. संशय जरा मागे सरला, पण गेला नाही. घरी विचारलं, तर हा गप्प. गप्प बसण्यात तो भिंतीलाही हार जाणार नाही. पहिली बायको पोटाच्या दुखण्याने गेली, एवढं एक वाक्य त्याने लग्नाआधी सांगितलं होतं. नऊ वर्षांत त्याला दुसरं वाक्य जोडलं नव्हतं.

आता या कागदाने सगळा उलगडा झाला. मथळा त्याच दवाखान्याचा. नावावर आणि तारखेवर घड्याळाच्या तेलाचा मोठा डाग, त्यातून नवऱ्याचं नाव आणि आडनाव तेवढं वाचता येत होतं. कागद पिवळट पडलेला, पण त्या दुकानात पांढरं राहतं तरी काय? खाली दोन ओळी स्वच्छ होत्या: 'पेशींमध्ये बदल आढळले. पुढील तपासणीसाठी विनाविलंब यावे.' आणि तळाशी: 'अहवाल मिळाला. सूचना समजली.' त्यापुढे ती सही, आडनाव तेवढं कळेल अशी.

बाईंनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. त्यांना काहीतरी झालं होतं, आणि ते त्यांच्यापासून लपवलं जात होतं. कुणाला तरी उभं करून सहीसुद्धा करून घेतली होती. त्या घाबरल्या होत्या, पण घाबरण्यापेक्षा भांडणं सोपं होतं. त्या स्टूल ओढून दाराकडे तोंड करून बसल्या.

नवरा आला तो धापा टाकत. हातात पांढरं पाकीट. बाईंना आत पाहून उंबऱ्यातच थबकला. मग त्याला त्यांच्या हातातला कागद दिसला.

"माझी खोटी सही कुणाकडून करून घेतलीत?" बाईंनी विचारलं.

त्याने पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी ते फाडलं. कोरा करकरीत कागद, आजची तारीख, त्यांचं पूर्ण नाव. आणि खाली तेच शब्द: 'पेशींमध्ये बदल आढळले. पुढील तपासणीसाठी विनाविलंब यावे.' सहीची जागा रिकामी होती.

"कॅन्सर नाहीये हा," तो घाईघाईने म्हणाला. "नर्सबाईंना तीनदा विचारलं. हे त्याच्या आधीचं असतं. डॉक्टर भिंगातून बघतात, मी घड्याळ बघतो तसं. लागलंच तर तेवढा भाग काढून टाकतात, मग पुढे जात नाही. वेळेवर गेलं पाहिजे, बस. उद्या नऊची वेळ घेतलीय."

त्याने टेबलावरचा एक पुठ्ठा ओढला आणि घाईने लिहिलं. वेड्यावाकड्या अक्षरात: 'उद्या दुकान बंद'. घाम पुसत त्याने तो दाराला बाहेरून टांगला.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. नवा पांढरा, जुना पिवळा. त्यांचा आवाज खाली आला.

"मग ही सही?"

"खोटी नाही ती." त्याने पिवळा कागद त्यांच्या हातातून हळूच घेतला. "तिचीच आहे. कागद घेऊन इथेच आली होती, याच स्टुलावर बसली. म्हणाली, परत बोलावलंय."

तो डागावरून अंगठा फिरवत राहिला.

"मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात बघू."