आतला व्हॉल्व्ह

मुलाने ब्रेकचा मास्टर सिलिंडर फडक्याने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि न उघडताच परत जागेवर बसवला.

"हा आहे तसाच ठेवतोय, बाबा. चांगला आहे. उगाच कशाला खटाटोप?"

चाकांच्या खुर्चीत बसलेल्या उस्तादांच्या काळजात धस्स झालं.

ज्यांनी ब्रेकचं काम केलेलं नाही त्यांना यात धस्स होण्यासारखं काय, ते कळायचं नाही. गाडी जुनी, उस्तादांनी तरुणपणी भंगारातून उचलून उभी केलेली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुलगा ते काढून डिस्क बसवत होता. काम देखणं चाललं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. पण ड्रमच्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढा एक व्हॉल्व्ह असतो. पाय उचलला तरी तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, डिस्कला तोच वैरी. तो राहिला तर ब्रेक पुरता सुटतच नाही. चाक घासत राहतं, तापतं, आतलं ऑइल उकळतं, आणि ऐन उतारावर पाय दाबावा तर पेडल सरळ तळाला जातं. मग देवाचं नाव घ्यायचं, दुसरं काय!

पण हे सांगायचं कसं? अर्धांगाच्या झटक्यात उस्तादांचा उजवा हात गेला होता आणि वाचा बसली होती. ज्या तोंडाला सगळं गॅरेज चळाचळा कापायचं, त्यातून आता "आं"शिवाय काही निघत नव्हतं. बोलायला शिकवणारी एक बाई यायची, तर उस्ताद तिच्यासमोर ओठ घट्ट मिटून बसायचे. या वयात 'आ' आणि 'आई' गिरवायचं? शेवटी ती कंटाळली आणि यायची थांबली.

"आं," उस्ताद म्हणाले आणि डाव्या हाताने त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं.

"पाणी हवंय का, बाबा?" सून भांडं घेऊन आली.

उस्तादांनी मान फिरवली. "आं! आं!"

"ऊन लागतंय वाटतं," म्हणत तिने खुर्ची सावलीत ओढली.

"अगं, ऊन नाही. त्यांचे ड्रम काढले ना मी, म्हणून जीव तुटतोय त्यांचा," मुलगा हसला. "जुनं ते सोनं, काय बाबा?"

पाना उचलावा आणि याच्या टाळक्यात घालावा, असं उस्तादांना वाटलं. सोनं कसलं, गाढवा! डोक्यात शब्द लख्ख होता. जिभेपर्यंत येईतो त्याचा चिखल व्हायचा.

बरं, राग तरी कुणावर काढणार? पोरगा बापाच्या वरताण निघाला, असं गिऱ्हाईकं म्हणायची. पण धडधाकट होते तोवर उस्तादांनी त्याला ब्रेकच्या कामाला हात लावू दिला नव्हता. "लोकांचे जीव असतात त्यात, तू लांब राहा," म्हणायचे. घ्या आता.

दुसऱ्या दिवशी ब्रेक ऑइल भरायची वेळ आली. उस्तादांनी एका हाताने चाक रेटत खुर्ची कशीबशी बाकापर्यंत नेली आणि डबा लोटून दिला. सगळं ऑइल फरशीवर. आता तरी हा चिडेल, विचारेल, निदान सिलिंडरकडे बघेल!

मुलगा नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग वाकून त्याने भुसा टाकला.

"राहू दे, बाबा. होतं असं." आणि त्याने नवा डबा फोडला.

तान्ह्या पोराला समजवावं तसं समजावतोय मला, या विचाराने उस्तादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सुनेने ओढणीने ते पुसलं. तिलाही काय झालं होतं कोण जाणे, ती लगबगीने आत निघून गेली.

गाडी तयार झाली तशी नात धावत आली आणि मागच्या सीटवर चढून बसली.

"आजोबा, आम्ही टेकडीवरून खाली तळ्यापर्यंत जाणार! पहिली फेरी माझी!"

टेकडीचा तो उतार उस्तादांना पाठ होता. खाली वळण, आणि वळणाला लागून भरधाव वाहनांचा रस्ता. मला ने रे, मेलो तरी चालेल, पोरीला नको! त्यांनी सुनेची बाही धरून ओढली, नातीकडे बोट दाखवलं, छातीवर हात मारला.

"तुम्हालाही जायचंय? पुढच्या फेरीला हं," सून म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता.

इंजिन सुरू झालं. उस्तादांनी खुर्ची रेटायचा प्रयत्न केला, पण सुनेने खुर्चीचा ब्रेक लावून ठेवला होता, आणि तो मात्र चोख लागला होता. नातीने काचेतून हात हलवला. गाडी दाराकडे सरकली.

"व्हॉ... व्हॉल्व्ह!" उस्ताद ओरडले. "व्हॉल्व्ह काढ, गाढवा! पोरगी आहे आत!"

आवाज गॅरेजभर घुमला. आपलाच आवाज ऐकून उस्ताद दचकले. गाडी दारातच, जागच्या जागी थांबली. मुलगा खाली उतरला. बॉनेटकडे तो गेलाच नाही. थेट खुर्चीसमोर येऊन फरशीवर बसला आणि त्याने बापाच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. त्याचे खांदे गदगदत होते.

"व्हॉल्व्ह," उस्तादांनी पुन्हा बजावलं.

"तो पहिल्याच दिवशी काढलाय, बाबा, तुमचा डोळा लागला होता तेव्हा," मुलगा म्हणाला. "अजून एकदा शिवी द्या ना."