चाळीस कमी

“आजचा आकडा किती?” भात कालवता कालवता श्यामकांतांनी विचारलं.

“चौदाशे साठ.” मैत्रेयीनं आमटी वाढली. “रोज तेच. चाळीस कमी पडतात, बाबा. फक्त चाळीस!”

“चाळीस म्हणजे एक गाडी भरून.”

त्यांची हयात सातारच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. निवृत्तीला तेरा वर्षं झाली, तरी माणसं ते अजून गाडीच्या हिशेबानंच मोजत. तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे म्युनिकला आले, तेव्हाही विमानात किती सीटा रिकाम्या होत्या ते त्यांनी आधी सांगितलं.

एका वर्दळीच्या रस्त्यावरचं पार्किंग काढून तिथे सायकलींचा पट्टा आखायचा, असा मैत्रेयीचा प्रयोग होता. पट्ट्यात एक तार पुरलेली होती. तिच्यावरून सायकल गेली की कडेच्या खांबावरचा आकडा एकनं वाढायचा. जूनची रोजची सरासरी पंधराशे भरली, तर पट्टा कायम. नाहीतर जुलैत तिथे पुन्हा गाड्या उभ्या. मैत्रेयीचं काँट्रॅक्टही तेवढ्यापुरतंच होतं.

“आणि नाही भरली तर?”

“तर तुमच्याच विमानानं मीपण साताऱ्याला.” ती हसली. ते हसले नाहीत.

“आमच्याकडेही असंच असायचं,” ते म्हणाले. “भारमान घसरलं, गाडीत माणसं कमी झाली, की फेरी बंद. डोंगरातल्या एका गावची फेरी अशीच बंद पडायला आली होती. गाडीत शाळेच्या सात पोरी. मग गावची म्हातारी माणसं कामधाम नसताना तालुक्याला जाऊन यायला लागली. तिकीट काढून. वाचली फेरी.”

“हा घोटाळा झाला, बाबा.”

“घोटाळा कसला? माणसं खरी, तिकिटं खरी.”

“इथे असलं काही चालत नाही. आणि माझ्याकडे त्याहून भारी उपाय आहे. सोमवारपासून, एक जूनपासून, सायकल लांबून येताना दिसली, की सिग्नल आपोआप हिरवा होणार. थांबावंच लागणार नाही. बघा कशी येतात माणसं!”

“गेनाऊ,” ते म्हणाले आणि ताक मागितलं.

‘अगदी बरोबर’ अशा अर्थाचा हा शब्द त्यांनी तिचे फोन ऐकून उचलला होता. बाकी त्यांचं जर्मन बेकरीपुरतं. ब्रेत्सेल पाव बांधून झाले की दोन बोटं वर करून म्हणायचे, “नोख त्स्वाय.” अजून दोन. बेकरीवाली आता ते दारात दिसले, की स्वतःच दोन बोटं वर करायची.

सोमवारी सिग्नल सुरू झाला. संध्याकाळी खांबावर पंधराशे दोन. मंगळवारी चौदाशे नव्याण्णव. बुधवारी पंधराशे सहा. ऑफिसात तिच्यासाठी केक आला.

“बघा!” ती घरी आल्या आल्या म्हणाली.

“बघितलं,” श्यामकांत म्हणाले. “हुशार आहेस.”

त्या महिन्यात ते खूश होते. ती ऑफिसला गेली की तिची जुनी सायकल घेऊन निघायचे. हिवाळ्यात त्यांच्या हृदयात स्टेंट घातला होता. सातारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज दोन किलोमीटर, सपाट रस्ता, सावकाश.

“कुठे जाता हो रोज?”

“नदीकाठी. बाकावर बसतो, बदकं बघतो.”

“कानटोपी घालून? जूनमध्ये?”

“हेल्मेटमधून वारा शिरतो.”

भूक वाढली होती. दोन पोळ्यांच्या चार झाल्या. साडेआठला, बाहेर लख्ख उजेड असताना, ते खुर्चीतच पेंगायचे. हवा मानवली, असं तिनं काकूला फोनवर सांगितलं.

तीस जूनला दुपारी ते त्याच खुर्चीत गेले. ती आली तेव्हा हेल्मेट मांडीवर होतं. खांबावरचा शेवटचा आकडा सांगायला ती धावत जिने चढली होती.

कागदपत्रं इतकी होती, की दोन आठवडे रडायला सवड मिळाली नाही. मधेच पट्टा कायम झाल्याचं पत्र आलं. महिन्याची सरासरी पंधराशे तीन. तिचंही काँट्रॅक्ट पक्कं झालं. सही करून तिनं सवयीनं बाबांना फोन लावला, आणि मग आठवलं, त्यांचा फोन घरी शेल्फवर एकटाच वाजत असेल.

कामावर परतली तेव्हा आलेखात खड्डा होता. एक जुलैपासून रोज चौदाशे साठच्या आसपास. शाळा अजून सुरू होत्या, पाऊस नव्हता. तंत्रज्ञानं तार तपासली, ठीक. सिग्नल तपासला, ठीक.

शेवटी एका सकाळी दहा वाजता ती स्वतःच खांबापाशी जाऊन उभी राहिली. समोरच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून एक आजीबाई रस्ता बघत होत्या. फ्राऊ हुबर. पार्किंग काढलं म्हणून यांनीच तीन तक्रारी केल्या होत्या.

“सकाळच्या सायकली कमी झाल्यात का हो?” मैत्रेयीनं खालून विचारलं.

“सायकली? नाइन, नाही. एकच माणूस कमी झालाय.”

“एकच?”

“इथून त्या चर्चपर्यंत जायचा, वळून पलीकडून परत यायचा. पुन्हा तेच. रोज. मला वाटलं डोकं फिरलंय. एकदा मोजलं मी. चाळीस!” फ्राऊ हुबर उशीवरून पुढे वाकल्या. “म्हातारा होता. हेल्मेटच्या आत लोकरीची टोपी. दर फेरीला वर बघून मला एका हातानं नमस्कार करायचा.”

मैत्रेयीनं खांब धरला.

“शेवटी दिसला तेव्हा तुम्ही उभ्या आहात ना, तिथेच टेकून बसला होता. घामानं निथळत, छाती धरून. मी ओरडले, अँब्युलन्स बोलावते! त्यानं खांबावरचा आकडा बघितला, सायकल उचलली, आणि मला हसून दोन बोटं दाखवली. म्हणाला, ‘नोख त्स्वाय.’”