अडलेलं वाक्य

नाटक एकट्या माणसाचं होतं. रंगमंचावर एक बाक, त्यावर तो, आणि तासभर बोलूनही उत्तर द्यायला कुणी नाही. सगळं तोंडपाठ असूनही तो दर प्रयोगाला एकाच वाक्यापाशी अडायचा. मग विंगेतून प्रॉम्प्टरबाई कुजबुजायच्या, "कुणी आहे का तिथं?" आणि गाडी पुढे सरकायची.

दिग्दर्शक कावायचा, "अरे, घरी कुणाला तरी पुढ्यात बसवून पाठ कर की!" तो नुसता हसायचा.

बाई नाटक सोडून लेकीकडे राहायला गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या प्रयोगालाही तो तिथंच अडला आणि विंगेकडे कान लावून बसला. शेवटी त्यानेच कापऱ्या आवाजात विचारलं, "कुणी आहे का तिथं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडताच दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली. "एकटेपणा दाखवावा तर असा! आणि वाक्यही आठवलं की रे!"




वाक्य तो कधी विसरलाच नव्हता. दिवसाकाठी त्याच्याशी कुणी मायेनं बोललंच, तर ते विंगेतून तेवढंच.