नळांचा नकाशा

तळघरात पाणी घोट्यापर्यंत चढले होते आणि पडद्यावरचा नकाशा पांढराफटक होता.

रुग्णालयाच्या अभियंतीने तेच पान तिसऱ्यांदा उघडले. शीर्षक उमटले; खाली काहीच नाही. मुख्य नळ फुटला होता. त्याचा व्हॉल्व्ह आवारातल्या फरशीखाली कुठेतरी गाडला गेला होता. पाऊण तासात पाणी विजेच्या खोलीत शिरणार होते आणि वरच्या मजल्यावर अकरा रुग्ण श्वासयंत्रावर होते.

नकाशा तिच्या वडिलांचा होता. निवृत्तीपूर्वी याच खुर्चीत बसून त्यांनी तो रेषा शब्दांत लिहून ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीने रचला होता. ती पद्धत ओळखणारे ब्राउझर आता उरले नव्हते.

"बाबा, पान कोरं येतंय! नवा नकाशा काढू द्या म्हणून चार वर्षं तुमच्या मागे लागलेय मी."

"माझा नकाशा धडधाकट आहे," फोनवरून वडील म्हणाले. "तुमच्या ब्राउझरांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"व्हॉल्व्ह कुठे दाखवला होता, तेवढं आठवतंय?"

"बारा वर्षांनी? फाइलच्या आत जा. आकडे लिहिलेत, ते वाच."

तिने फाइल नुसत्या मजकुरासारखी उघडली. प्रत्येक रेषेचा आरंभ, प्रत्येक रेषेचा शेवट. व्हॉल्व्ह: आडवे ऐंशी फूट, उभे तीनशे दहा. तिने आलेखाचा कागद ओढला आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे खालच्या कोपऱ्यापासून मोजले. टिंब पडले ते उत्तरेला, धुलाईघरापाशी.

"मॅडम, नक्की ना?" मुकादमाने विचारले. "ही फरशी फोडली, तर दुसरी फोडायला वेळ उरायचा नाही."

"फोडा."

पहार वाजू लागली. वीस मिनिटांनी फोनही वाजला.

"तू मोजलंस कुठून?"

"खालून."

"अगं, पडद्यावरची मोजणी वरून खाली उतरते! उलटं वाचलंस तू. व्हॉल्व्ह दक्षिणेला आहे, स्वयंपाकघराकडे. थांबव त्यांना!"

फोन मुठीत धरून ती आवारात धावली. "थांबा! जागा चुकली!"

कमरेइतक्या खड्ड्यातून मुकादमाने वर पाहिले. "कसली चुकली? हा काय सापडला की!" आणि तो दोन्ही हातांनी चाक आवळू लागला.

तळघरातला खळखळाट हळूहळू मंदावला. ती मात्र खड्ड्याच्या काठावर खिळून राहिली. इमारती वडिलांनी डोळ्यांनी पाहून काढल्या होत्या; नकाशात त्या जागच्या जागी होत्या. नळांचे आकडे त्यांनी मोजणीदाराच्या वहीतून घेतले होते, आणि मोजणीदार दक्षिणेच्या भिंतीपासून उत्तरेकडे मोजत जातो. ते आकडे त्यांनी पडद्यासाठी न उलटवता जसेच्या तसे भरले होते; पडद्यावर हा व्हॉल्व्ह स्वयंपाकघरापाशी दिसत असणार. नळ जमिनीखाली, कोणाला शंका येणार?

"बोल ना!" फोनमधून आवाज आला. "थांबवलंस?"

"सापडला, बाबा. धुलाईघरापाशीच."

"असं कसं होईल? तू तर खालून..."

"हो. वहीतले आकडे बरोबर होते."

स्वल्पविरामावरूनही तासभर वाद घालणारा तो माणूस आता फोनवर पुटपुटत आकडे पुन्हा मोजू लागला.

"म्हणजे," शेवटी ते म्हणाले, "नकाशा दिसत होता, तोवर चुकीचा होता."