बाहेर येणारी बाई

“कट!” अस्गर ओरडला तेव्हा बोडिल अजून पाण्याखाली होती.

सिग्नेने कॅमेरा बंद केला. तिने तो करायला नको होता. कट म्हणायचा हक्क दिग्दर्शकाचा, आणि या चित्रपटाची दिग्दर्शक बोडिलच होती. पण दिग्दर्शक जानेवारीच्या समुद्रात बुडी मारून बसलेली, आणि किनाऱ्यावर उभा तिचा मार्गदर्शक, अस्गर. सिग्ने बोडिलच्याच वर्गातली, पोरसवदा. तिने मार्गदर्शकाचं ऐकलं.

बोडिल वर आली. नाकातलं पाणी शिंकरत, उकडलेल्या खेकड्यासारखी लाल होऊन ती किनाऱ्याकडे चालू लागली. कॅमेऱ्यावरचा दिवा विझलेला तिला लांबूनच दिसला.

“अप्रतिम!” अस्गरने स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यांवर ब्लँकेट टाकलं. “म्हातारी आत जाते, पाणी मिटतं, नुसता समुद्र उरतो. संपला चित्रपट. लोक रडत घरी जातील.”

“आणि माझं बाहेर येणं?”

“ते कशाला हवंय?”

बोडिल अडुसष्ट वर्षांची होती. आयुष्यभर नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला, बुडी मारायला, श्वास धरून ठेवायला शिकवलं, निवृत्त झाली, आणि चित्रपटाच्या एम.ए.ला जाऊन बसली. वर्गात म्हातारी अशी ती एकटीच. त्यामुळे ज्याच्या त्याच्या चित्रपटात तिला काम असे.

“बोडिल, शुक्रवारी मोकळी आहेस का? मरायचंय,” काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवता ठेवता कुणीतरी विचारायचं.

“कशाने?”

“न्यूमोनियाने.”

“तो गेल्या आठवड्यात झाला. काहीतरी नवीन काढा रे!”

ती हौसेने मरायची. पलंगावर, जिन्यात, एकदा तर बर्फात. पोरं गुणी होती, मेल्यावर गरम कॉफी द्यायची. पण स्वतःच्या पदवीच्या चित्रपटात मरायचं नाही, हे तिने पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं.

तिला दाखवायच्या होत्या तिच्या लहानपणच्या बायका. तिची आई, मासळीवाल्याची बायको, शाळेतली शिवणाची बाई. डेन्मार्कच्या या लहानशा बंदरगावात त्या हिवाळाभर रोज सकाळी याच लाकडी धक्क्यावरून पाण्यात उतरायच्या. उतरताना गप्प. तोंडं ओढलेली. एकीचा नवरा या समुद्रानेच नेलेला, दुसरीचा दारूने. आणि बाहेर येताना! शिव्या देत, खिदळत, उघड्या दंडांवरून वाफा निघताहेत, एकच थर्मास तिघींच्या तोंडाला लागतोय. साठ वर्षं झाली, ते दृश्य बोडिलच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. त्या बायका आत जायच्या त्या बाहेर येण्यासाठी.

“हे बघ बोडिल,” अस्गर समजुतीच्या सुरात म्हणाला, “बाहेर आलीस की ती नुसती आंघोळ होते. त्यात गोष्ट नाही.”

“मला तर तेवढीच गोष्ट ठाऊक आहे.”

“मग ऐक. तो शॉट ठेवलास तर मी सही करणार नाही. माझ्या सहीशिवाय चित्रपट परीक्षकांकडे जात नाही. पदवी विसर.”

बोडिलचे दात वाजत होते.

“म्हणजे बुडाले तर पास, वाचले तर नापास?”

अस्गरने आभाळाकडे पाहिलं. “उजेड चाललाय,” तो म्हणाला. “आवरा.”

बोडिलने खांद्यावरचं ब्लँकेट काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“धर. बाहेर आल्यावर लागेल मला. सिग्ने, चालू कर. आणि माझं अंग पुसून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचंही ऐकायचं नाही.”

“पुन्हा? या गारठ्यात? वेड लागलंय का तुला?” अस्गर म्हणाला.

बोडिल धक्क्याच्या पायऱ्या उतरून पाण्यात शिरलीसुद्धा. सिग्नेने अस्गरकडे पाहिलं नाही. तिने हेडफोन कानाला लावला. कॅमेऱ्यावरचा दिवा लागला.

पाणी कमरेला आलं, गळ्याला आलं. पांढरं डोकं खाली गेलं. पाणी मिटलं.

नुसता समुद्र उरला. राखाडी, सपाट, अगदी अस्गरला हवा होता तसा.

तो बघत राहिला. मग एक पाऊल पुढे गेला. मग आणखी एक. ब्लँकेट त्याने छातीशी घट्ट धरलं होतं. डोकं वर येईना. त्याने सिग्नेकडे पाहिलं; सिग्ने कॅमेऱ्यातून पाहत होती. त्याच्या बुटांत पाणी शिरलं. विजारीचे पाय भिजले.

“बोडिल!” तो ओरडला. “बोडिल, पुरे झालं! ऐकतेस का? बाहेर ये! बाहेर ये गं!”

धक्क्याच्या पलीकडच्या खांबाशी पांढरं डोकं वर आलं. पाण्याखालून ती पार तिथवर गेली होती. खोकत, हसत, एक सणसणीत शिवी हासडत ती उथळ पाण्यातून चालत आली. तिच्या दंडांवरून वाफा निघत होत्या. अस्गरच्या हातातलं ब्लँकेट तिला ओढूनच घ्यावं लागलं, इतकं त्याने ते आवळलं होतं. तिने तोंड पुसलं, केस पुसले, दोन्ही हात पुसले. मग ती सिग्नेकडे वळली.

“याचा आवाज रेकॉर्ड झाला का?”

“शब्दन् शब्द,” सिग्ने म्हणाली.